खेळाच्या खोलीतले तास

लातूरच्या गंजगोलाईतल्या खेळणीवाल्यानं माझी यादी दोनदा वाचली. रबरी साप, बंदूक, हातकड्या, डॉक्टरची पेटी, दुधाची बाटली, भातुकली, बाहुल्यांचं अख्खं कुटुंब. ‘लेकराचं वय काय ताई?’ ‘तीन ते बारा.’ तो काही न बोलता साप काढायला माळ्यावर चढला.

यादी मनाची नव्हती. बालकेंद्री खेळोपचाराचे अमेरिकी शिक्षक गॅरी लँड्रेथ सांगतात, की खोलीत रोजच्या जगण्यातली, राग काढायची आणि काहीतरी घडवायची अशी तिन्ही प्रकारची खेळणी हवीत. फक्त बाहुल्यांच्या तयार संचात आईबाप आणि दोनच मुलं असतात. औशाच्या घरात आजी नसून कसं चालेल? ती मी कापडाची शिवून घेतली. बैलजोडी पोळ्याच्या बाजारातून आणली. ट्रॅक्टर काय, कुठंही मिळतो.

मी औशात समुपदेशन करते. सात वर्षांच्या पोराला समोर बसवून ‘तुला काय वाटतं?’ विचारलं की ते पायाच्या अंगठ्याकडं बघत बसतं, हे रोजचंच. म्हणून खेळोपचाराचं प्रमाणपत्र करायला घेतलं. व्याख्यानं ऑनलाइन, कार्यशाळा पुण्यात, बाकी सगळं इथल्याच एका खोलीत.

या कामात तास मोजतात. अमेरिकेत 1982 साली स्थापन झालेल्या असोसिएशन फॉर प्ले थेरपीची नोंदणी हवी असेल तर 150 तासांचं शिक्षण, मुलांसोबतचे 350 तास आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीचे 35 तास भरावे लागतात. शिवाय तिथल्या राज्याचा परवाना हवा, त्यामुळं ते औशात बसून होण्यासारखं नाही. माझा अभ्यासक्रम त्याहून लहान, पण सांगाडा तोच. आपल्याकडं 1992च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद नोंदणी करते. तिच्या यादीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत. खेळोपचारकाचा वेगळा रकाना नाही. म्हणजे एवढं करून सरकारदरबारी या कागदाला वजन नाही, आणि दुसरीकडं दोन दिवसांचं शिबिर करून कुणीही ‘थेरपिस्ट’ची पाटी लावतो. मला मात्र तासांचा हा जाच पटतो. जे शिकायचंय ते पुस्तकातून येत नाही, आणि मुख्य म्हणजे गप्प राहायला शिकायचं असतं.

व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी 1947च्या पुस्तकात या बालकेंद्री पद्धतीची आठ तत्त्वं मांडली. मूल जसं आहे तसं स्वीकारायचं, वाट त्यानं दाखवायची, घाई करायची नाही. वाचायला सोपं. प्रत्यक्षात पोरानं बैलाला उलटा जुंपला तरी ‘असा नाही रे’ म्हणायचं नाही. त्यानं नाव दिल्याशिवाय वस्तूचं नाव घ्यायचं नाही. त्याच्या लेखी तो बैल नसून मामा असेल. ‘शाब्बास’सुद्धा नाही, कारण मग ते शाब्बासकीसाठी खेळायला लागतं. जे दिसतं तेवढंच बोलायचं: ‘तू ते तिथं ठेवलंस.’ खोलीत सगळं चालतं असंही नाही. वाळू माझ्या अंगावर फेकायला लागलं तर आधी त्याचा राग ओळखून दाखवायचा, मग मर्यादा सांगायची, मग दुसरी वाट दाखवायची: ‘चिडलायस तू. मी वाळू फेकायसाठी नाहीये. त्या उशीवर फेक.’ ज्या गावात दिसेल त्या पोराला कुणीही मोठं माणूस चार गोष्टी सुनावतं, तिथं वाढलेल्या बाईला हे जड जातं.

वाळूचा ट्रे हे खोलीतलं सगळ्यात महागडं सामान. तेरणेची वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली; आणि वाळूचा भाव मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. लंडनमधल्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी 1929च्या सुमारास वाळू आणि छोट्या वस्तू घेऊन मुलांना जग मांडायला दिलं. पुढं स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी त्याला मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचाराची जोड दिली. ट्रेचा तळ निळा असतो, वाळू सारली की पाणी दिसावं म्हणून.

एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. वर्गात बोलायचं बंद झालं म्हणून शाळेनं पाठवलं होतं. त्यानं पेन्सिल वाळूत उभी रोवली, तोंडानं गाडीचा घरघराट सुरू केला. बोअर पाडत होता. बोटांनी खड्डा खोल केला, तळाचा निळा रंग दिसला. दुसरी मुलं इथं ‘पाणी लागलं!’ म्हणून ओरडतात. यानं निळ्यावर भराभर वाळू लोटली. ‘फेल गेला.’ मग शेजारी दुसरा बोअर. निळं दिसलं की बुजवायचा. ‘अरे, लागलं की पाणी!’ माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणाले एवढंच: ‘निळं दिसलं, आणि तू ते झाकलंस.’ त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तिसरी जागा निवडली.

पालकांच्या परवानगीनं केलेलं चित्रण देखरेख करणाऱ्या ताईंना पाठवायचं असतं. लाईट असेल आणि नेट असेल तर व्हिडिओवर बैठक होते. मला वाटलं होतं, त्या मुलाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, ‘तुमच्या शेतात किती बोअर फेल गेलेत?’ 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूर जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न. मी बराच वेळ माझ्या वडिलांबद्दलच बोलत राहिले. ते सगळं बाजूला ठेवता आलं, तरच पोराची वाळू पोराची राहते. देखरेखीचे तास असतात ते यासाठी.

त्या मुलाचे वडील किल्लारीकडचे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते स्वतः लहान होते. भूकंपानंतर अनाथ लेकरांसाठी पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं केलं, बाराशेच्या आसपास मुलांना भारतीय जैन संघटनेनं पुण्याला नेऊन शिकवलं. ‘ज्यांचे आईबाप वाचले ते आमी गावातच. आमाला कुणी खेळायला बोलिवलं न्हाई,’ वडील म्हणाले. पहिल्या भेटीत ‘नुसतं खेळायला पैसे?’ असं विचारणारेही तेच.

आता दर वेळी त्यांचा एकच प्रश्न असतो: ‘काय बोलला ओ त्यो आत?’ ते सांगता येत नाही. खेळात काय झालं ते पोराचं असतं. मी एवढंच म्हणाले, की घरची अडचण त्याला कळते.

‘त्याच्यासमोर आमी कदीच बोलत न्हाई.’

‘म्हणूनच तर. कळतंय, पण कुणाला विचारता येत नाही.’

ते बराच वेळ बसले. कर्ज किती, बोअर कुठला, बायको काय म्हणते, सगळं सांगितलं. प्रमाणपत्राच्या वहीत फक्त मुलासोबतचा वेळ धरतात, त्यामुळं हा पाऊण तास कुठल्याच रकान्यात बसला नाही.