लिफ्ट उचलत नाही. दोष पंपाचाच का?

चेन्नईच्या ‘टॅफे’ या कंपनीची स्थापना १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने झाली. तिच्या सेम्बियम येथील कारखान्याचे नाव महाराष्ट्रातील फारच थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असेल. तिचा लाल ‘१०३५’ मात्र गावोगावी ओळखीचा आहे. वीस-पंचवीस वर्षे राबलेले हे ट्रॅक्टर आजही नांगरटीला उतरतात. इंजिन साथ देते, कुरबूर सुरू होते ती मागच्या हायड्रॉलिक लिफ्टची. गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ असा निवाडा झाला, की ट्रॅक्टर उघडला जातो आणि ऐन हंगामातले दिवस हातचे जातात. कर्जाचा हप्ता त्यासाठी थांबत नाही. वास्तविक बऱ्याच वेळा पंप निर्दोष असतो.

हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याच्या मूळ कल्पनेवर आधारलेल्या या रचनेत पंप ट्रॅक्टरच्या पोटात, गिअरच्याच तेलात बुडालेला असतो. त्यात चार दट्टे असतात. लिव्हर वर केला की नियंत्रण झडप पंपाकडे तेल सोडते आणि पंप ते सिलिंडरमध्ये ढकलतो. औजार उचलले गेल्यावर झडप मिटते व तेल सिलिंडरमध्येच कोंडून राहते. क्लच पूर्ण दाबला असता पंप फिरत नाही, म्हणून लिफ्टची परीक्षा क्लच सोडूनच करावी. साधी गोष्ट, पण घाईत हमखास विसरली जाते.

लिफ्ट मुळीच उचलत नसेल, तर प्रथम सपाट जागी तेलाची पातळी पाहावी. गिअर आणि लिफ्ट यांचे तेल एकच असल्याने कोठल्याही सीलची गळती शेवटी लिफ्टला भोवते. तेल दुधी दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर राहिला की असे होते. अशा तेलात झडप गंजून अडकते आणि दोष पंपाच्या माथी मारला जातो. त्यानंतर गाळणी पाहावी. ती तुंबली असेल तर नवा पंप बसवूनही उपयोग नाही.

उचललेले औजार इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली येत असेल, तर विचार वेगळा करावा लागतो. येथे पंपाने आपले काम केलेले आहे. कोंडलेले तेल कोठून तरी निसटत आहे. जाणकार मिस्त्री थोडे तेल काढून बाजूचे झाकण उघडतो, औजार उचललेले ठेवून इंजिन बंद करतो व टॉर्चच्या उजेडात आत पाहतो. सिलिंडरच्या तोंडातून तेल ठिबकत असेल तर पिस्टनची रिंग झिजली आहे. उभ्या नळीच्या सांध्यातून येत असेल तर ओ-रिंग. दोन्ही जागा कोरड्या असतील, तरच संशय पंपाजवळच्या झडपांवर घ्यावा. या वेळी औजाराखाली अथवा औजार व ट्रॅक्टर यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. इंजिन चालू असताना औजार सतत डोलत राहणे हेही याच गळतीचे लक्षण होय: ते किंचित उतरते, यंत्रणा त्याला पुन्हा उचलते. याउलट, लिफ्ट झटके देत वर जात असेल, तर चारपैकी एखाद्या दट्ट्याची झडप नीट बसत नसावी. पंपाची शंका येथे रास्त ठरते.

नांगर मधेच वर येतो, ही तक्रार मात्र पुष्कळदा दोषच नसते. जमीन कठीण लागली की टॉप लिंकमागील स्प्रिंगवर दाब येतो व ड्राफ्ट कंट्रोल नांगर थोडा उचलतो. तेच त्याचे काम आहे. ती स्प्रिंग हाताने हलवून सैल लागली, तरच दुरुस्ती हवी.

जुना ट्रॅक्टर खरेदी करणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे. विकणारा बहुधा रिकामी लिफ्ट, तीही थंड तेलावर, उचलून दाखवितो. थंड तेल दाट असल्याने गळती झाकली जाते. म्हणून आधी अर्धा-पाऊण तास काम करवून घ्यावे, मग पलटी नांगर उचलून इंजिन बंद करावे व फाळाची जमिनीपासूनची उंची बाजूला उभे राहून मोजावी. दहा मिनिटांनी ती पुन्हा मोजावी, आणि किमतीची बोलणी त्यानंतरच करावीत.