काठी कोणत्या हातात?

माहुलच्या कोळीवाड्यातील एखाद्या आजीचा उजवा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी वॉकर सोडून काठी घ्यायला सांगितली, तर ती कोणत्या हातात धरावी? ‘उजव्या’ हे चटकन सुचणारे उत्तर चूक आहे.

खुबा हा तरफेचा टेकू समजा. 60 किलोची आजी उजव्या पायावर उभी असताना उरलेल्या शरीराचा 50 किलो भार टेकूपासून स्थूलमानाने 10 सेंमीवर, तर तोल सांभाळणारे स्नायू पलीकडे 5 सेंमीवर असतात. म्हणजे स्नायूंची ओढ 100 आणि खुब्यावर भार 150 किलो!

डाव्या हातातील काठी टेकूपासून 30 सेंमी दूर असली आणि तिच्यावर 8 किलो भार दिला, तर ओढ 52 आणि खुब्यावरील भार 94 किलोच उरतो. म्हणून आजीला सांगा: काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे टाक.