अशिलाचा पैसा व वकिलाची सनद

मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दाराशी काही वकील येणाऱ्या पक्षकारांकडे धाव घेतात व एकमेकांची कामे ओढून नेतात, अशी तक्रार १९६० नंतरच्या दशकात वकील परिषदेपुढे आली. अशी ओढाओढ हे व्यावसायिक गैरवर्तनच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला.

तो प्रकार निदान उघड्यावरचा होता! आम्हांस अधिक भय वाटते ते बंद खोलीतील व्यवहाराचे. सौंसरचा शेतकरी घरी मराठी बोलतो. न्यायालयाचे कागद हिंदीत असतात, आणि तीही कायद्याची हिंदी. तो वकीलपत्रावर मुकाट्याने सही करतो. अपघाताच्या भरपाईतून ‘इतके टक्के माझे’ असा करार त्याच्याशी कोणी केला, तर तो नियमबाह्य आहे, हे त्याला कोण सांगणार? निकालावर अवलंबून असणारी फी भारतीय वकील परिषदेने निषिद्ध मानली आहे. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणे व मागितल्यास त्याची नक्कल देणे हेही वकिलावर बंधनकारक आहे.

हे नियम पदवीच्या अभ्यासात असतात, २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या सनदेच्या परीक्षेतही विचारले जातात. पुढे वीस वर्षे वकिली केलेल्यास मात्र ते पुन्हा कोणी विचारीत नाही. वकील मंडळींनी आपल्या खोलीत महिन्यातून एकदा एखादा नियम व त्यावरील निकाल वाचावा. ज्येष्ठांनी आधी बसावे.

वाचकांनी मात्र दिलेल्या फीची पावती आजच मागावी. हिशेब मिळाला नाही, तर तक्रार जबलपूरच्या राज्य वकील परिषदेकडे करता येते.