हिमालयातील ट्रेकिंग शिखरांवरील मार्गदर्शित चढाई

हिमालयातील साधारणतः ५,००० ते ६,५०० मीटर उंचीच्या, तुलनेने सुलभ शिखरांना गिर्यारोहणाच्या व्यवहारात ट्रेकिंग शिखरे म्हटले जाते. अशा शिखरावर प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या साहाय्याने केलेली चढाई म्हणजे मार्गदर्शित चढाई होय. महाराष्ट्रात सह्याद्रीतील गडकोटांवर भटकंती करणारे अनेक जण हिमालयातील पदभ्रमणानंतरची पुढची पायरी म्हणून या शिखरांकडे वळतात. नाशिक जिल्ह्याला साल्हेर, धोडप, हरिहर यांसारखे किल्ले आणि सीमेवरील कळसूबाई शिखर लाभले असल्याने येथे अशा मोहिमांची शारीरिक तयारी करणे सोयीचे ठरते. मात्र सह्याद्रीतील सराव अतिउंचीवरील विरळ हवेची सवय देऊ शकत नाही. नियोजनातील बहुतेक निर्णय या मर्यादेभोवती फिरतात.

संज्ञा

'ट्रेकिंग शिखर' ही मुळात नेपाळमधील प्रशासकीय संज्ञा आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या नेपाळ पर्वतारोहण संघाकडे काही ठरावीक शिखरांचे परवाने देण्याचे काम सोपवण्यात आले आणि ती शिखरे या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यामुळे या संज्ञेतून परवान्याची पद्धत कळते, चढाईची काठिण्यपातळी कळत नाही. या यादीतील काही शिखरे तांत्रिकदृष्ट्या अत्यंत अवघड आहेत. भारतात हा शब्द सैलपणे वापरला जातो.

शिखराची निवड

नेपाळमधील मेरा (६,४७६ मीटर) आणि इम्जा त्से ऊर्फ आयलंड पीक (सुमारे ६,१६५ मीटर) ही सर्वाधिक गर्दीची ट्रेकिंग शिखरे आहेत. डिंगबोचे गावाच्या बाजूने पाहता हिमसागरातील बेटासारखे दिसते म्हणून दुसऱ्या शिखराला आयलंड पीक हे नाव पडले. १९८३ मध्ये त्याचे इम्जा त्से असे नामकरण झाले. मेरा अधिक उंच असले तरी तेथील वाट मुख्यतः हिमनदीवरील दीर्घ चालीची आहे. इम्जा त्सेवर मात्र हिमभेगा ओलांडाव्या लागतात आणि शिखराखालच्या तीव्र उताराच्या हिमभिंतीवर स्थिर दोराच्या आधाराने चढावे लागते. त्यामुळे केवळ उंचीवरून शिखराची काठिण्यपातळी ठरवणे चुकीचे आहे.

भारतात मनालीजवळील फ्रेंडशिप (५,२८९ मीटर) आणि लडाखमधील कांग यात्से-२ (सुमारे ६,२५० मीटर) ही शिखरे परिचित आहेत. लेहजवळील स्टोक कांग्री (६,१५३ मीटर) अनेक वर्षे सर्वाधिक लोकप्रिय होते. तथापि वाढती गर्दी आणि पायथ्याच्या गावाच्या जलस्रोतांवर पडणारा ताण यांमुळे ते २०२० पासून चढाईसाठी बंद करण्यात आले.

हंगामाचाही विचार करावा लागतो. नेपाळमध्ये एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अनुकूल काळ आहेत. लडाख पर्जन्यछायेत असल्याने तेथे जुलै ते सप्टेंबर या काळात चढाया होतात.

परवाने आणि प्रवास

भारतातील शिखरांसाठी नवी दिल्ली येथील भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठान ही प्रमुख संस्था आहे. शिखराच्या स्थानानुसार राज्य प्रशासन व वन विभागाचीही परवानगी लागते. नेपाळमध्ये परवाना नोंदणीकृत संस्थेमार्फत घ्यावा लागतो. शिवाय राष्ट्रीय उद्यान व स्थानिक पालिकेचे प्रवेशशुल्क असते. भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, परंतु पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ असणे आवश्यक असते.

नाशिकहून काठमांडूला मुंबई किंवा दिल्लीमार्गे विमानाने जाता येते. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सोनौली सीमेवरून रस्त्याने जाण्याचा पर्यायही आहे. काठमांडू धरून इम्जा त्सेच्या मोहिमेस साधारण अडीच ते तीन आठवडे लागतात. लुकला येथील विमानसेवा हवामानावर अवलंबून असल्याने वेळापत्रकात राखीव दिवस ठेवणे हिताचे असते.

नाशिक परिसरातील पूर्वतयारी

तयारीसाठी किमान चार ते सहा महिने हाताशी असावेत. पांडवलेणीच्या पायऱ्या, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी येथे नियमित चढ-उतार करून दमश्वास वाढवता येतो. नंतर पाठीवर दहा-बारा किलो ओझे घेऊन साल्हेर (१,५६७ मीटर) किंवा कळसूबाई (१,६४६ मीटर) अशा चढाया सलग दोन दिवस केल्यास थकलेल्या पायांनी चालण्याची सवय होते. उताराचा सरावही तितकाच आवश्यक आहे, कारण शिखर दिवशी उतरताना शरीर आधीच थकलेले असते.

झुमारच्या साहाय्याने स्थिर दोरावर चढणे, दोरावरून उतरणे आणि एका दोरावरून दुसऱ्यावर सुरक्षितपणे जाणे ही कौशल्ये सह्याद्रीच्या कातळावर अनुभवी प्रशिक्षकाकडून शिकता येतात. हिमकुऱ्हाड व क्रॅम्पॉन वापरणे, तसेच घसरल्यास स्वतःला रोखणे यांसाठी मात्र बर्फच हवा. त्याकरिता दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग (१९६५) आणि मनाली येथील संस्था यांचे प्राथमिक अभ्यासक्रम उपयुक्त ठरतात.

विरळ हवेशी जुळवून घेणे

समुद्रसपाटीच्या तुलनेत नाशिक शहरात (सुमारे ६०० मीटर) हवेचा दाब ९३ टक्के आणि कळसूबाईवर ८२ टक्के असतो. सहा हजार मीटरवर तो निम्म्याच्या आसपास येतो. ही तफावत व्यायामाने भरून निघत नाही. उलट तंदुरुस्त व्यक्ती वेगाने वर जाते आणि त्यामुळे तिला उंचीचा आजार होण्याचा धोका वाढू शकतो.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याच्या जागेची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. फाकडिंग (२,६१० मीटर) ते नामचे बाजार (३,४४० मीटर) या टप्प्यात ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून नामचे येथे दोन रात्री काढतात. पुढे डिंगबोचे (४,४१० मीटर) येथेही तसेच केले जाते. खर्च किंवा रजा वाचवण्यासाठी हे दिवस कमी करणारा कार्यक्रम टाळावा.

डोकेदुखी, मळमळ, थकवा व चक्कर ही उंचीच्या आजाराची प्रारंभिक लक्षणे होत. ती असताना आणखी वर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे हे फुप्फुसात पाणी साचल्याचे, तर तोल जाणे वा असंबद्ध बोलणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. दोन्ही स्थिती प्राणघातक असून तात्काळ खाली उतरवणे हाच मुख्य उपाय आहे. अ‍ॅसिटाझोलामाइडसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत.

मार्गदर्शक आणि शिखर दिवस

संस्था निवडताना मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र, एका मार्गदर्शकामागील सदस्यसंख्या, प्राणवायूची सोय, संपर्कसाधने आणि मदतनीसांना मिळणारे कपडे, निवारा व विमा यांची लेखी माहिती घ्यावी. स्वतःचा विमा घेताना शिखराची उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका या बाबी त्यात समाविष्ट आहेत का, हे तपासावे. अनेक विमा योजनांत उंचीची मर्यादा असते.

शिखर चढाई सहसा मध्यरात्रीनंतर सुरू होते, कारण थंडीत बर्फ घट्ट असतो. परतीची अंतिम वेळ निघण्यापूर्वीच ठरवली जाते. त्या वेळेपर्यंत शिखर गाठले नाही, तर ते कितीही जवळ असले तरी मागे फिरणे अपेक्षित असते. मार्गदर्शकाचे शुल्क शिखरावर पोहोचण्याची हमी देत नाही. ते त्याच्या निर्णयक्षमतेसाठी दिले जाते आणि परत फिरण्याचा निर्णय हा त्याचाच भाग असतो.

धोके

प्रशिक्षण आणि मार्गदर्शन असूनही धोका पूर्णपणे टळत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा-२ (५,६७० मीटर) या शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमस्खलन कोसळले. त्यात २७ जणांचे मृतदेह मिळाले व दोघे बेपत्ता राहिले. त्यामुळे मोहिमेची माहिती, विमा आणि संपर्काचे तपशील कुटुंबीयांकडे देऊन ठेवणे हाही नियोजनाचा आवश्यक भाग मानला जातो.