ध्रुवीय समुद्रातील चरबीचा हिशेब

रेणापूरजवळ भंडारवाडी येथे रेणा नदीवर बांधलेल्या धरणाच्या पाण्यात आणि उत्तर ध्रुवानजीकच्या बर्फाळ खाड्यांत कोपेपोड या एकाच गटातील बारीक कवचधारी प्राणी आढळतात. प्रवाहाविरुद्ध जाण्याचे बळ नसल्यामुळे पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या अशा प्राण्यांना प्राणिप्लवक म्हणतात. मराठवाड्यातील जुन्या पिढीला यांपैकी सायक्लॉप्स हा कोपेपोड अप्रत्यक्षपणे परिचित आहे, कारण नारू या जंताच्या अळ्या त्याच्याच शरीरात वाढत आणि बारवेचे पाणी फडक्याने गाळून प्यावे, असे त्यामुळेच सांगितले जाई.

उष्ण प्रदेशातील तलावात कोपेपोडची पिढी काही आठवड्यांत पूर्ण होते. ध्रुवीय समुद्रात मात्र सूक्ष्म शैवालांची वाढ उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांतच होत असल्याने, तेवढ्या काळात चरबी साठवून उरलेले वर्ष खोल पाण्यात जवळजवळ निश्चल काढणाऱ्या थोड्या जातींचेच तेथे वर्चस्व असते. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे स्थानक २००८ पासून उत्तर ध्रुवानजीकच्या स्वालबार्ड बेटांवर आहे आणि तेथील कोंग्सफ्योर्ड खाडीत २०१४ साली तापमान व क्षारता नोंदवणारी भारतीय उपकरणेही बसवण्यात आली. या खाडीत अटलांटिकचे कोमट पाणी शिरते आणि त्याबरोबर बाजरीच्या दाण्याएवढा कॅलेनस फिनमार्किकस हा कोपेपोड येतो. थंड पाण्यातला कॅलेनस ग्लेशियालिस त्याच्याहून थोराड असून त्याच्या अंगात कित्येक पट अधिक चरबी असते. लिटल ऑक हा समुद्रपक्षी पिलांसाठी हाच चरबीदार कोपेपोड निवडतो, त्यामुळे घनमीटरमागे संख्या तेवढीच राहून जात बदलली, तरी पिलांची उपासमार होऊ शकते.

संख्येचा आकडाही जाळ्यावर अवलंबून असतो. बारीक विणीचे जाळे खोलातून वर ओढून, नमुना फॉर्मॅलिनमध्ये टिकवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक प्राणी मोजला जातो. पण नेहमीच्या २०० मायक्रॉनच्या छिद्रांतून ओइथोनासारखे चिमुकले कोपेपोड मोठ्या प्रमाणात निसटतात आणि संख्येने सर्वाधिक असणारा जीवच हिशेबात कमी भरतो.

दक्षिणेकडे अंटार्क्टिकाभोवती क्रिलचे राज्य आहे. सुमारे ६ सेंटिमीटर लांबीचा हा कोळंबीसदृश प्राणी पाच-सहा वर्षे जगतो आणि त्याचे एकूण वजन साधारणतः ३० ते ५० कोटी टन मानले जाते. १९९५-९६ मध्ये भारताचे ‘सागर संपदा’ हे जहाजही त्याच्या अभ्यासासाठी तिकडे गेले होते. हिवाळ्यात क्रिलची पिले समुद्रबर्फाच्या तळाशी चिकटलेले शैवाल खरवडून जगतात, म्हणून बर्फ घटलेल्या वर्षांनंतर क्रिलही घटण्याचा धोका असतो. उलट, बर्फावर न विसंबणारे सॅल्प हे पारदर्शक, पाणीदार प्राणी स्वतःच्याच प्रतिकृती निर्माण करत झपाट्याने वाढतात. अशा हंगामात जाळे गच्च भरून वर येते, पण व्हेल व पेंग्विन यांच्या पोटाला त्यातले फारसे काही लाभत नाही.