टॉवरवर चढतो कोण?

सोलापूर शहराच्या कोणत्याही पेठेत उभे राहून मान वर करा, मोबाईलचा टॉवर दिसेल. होटगी रोडला दिसेल, विजापूर रोडला दिसेल, गच्चीवर दिसेल, शेताच्या बांधावरही दिसेल. 1 ऑक्टोबर 2022 रोजी देशात फाइव्ह-जी सेवेचे उद्घाटन झाले. जाहिराती झळकल्या, ‘डिजिटल इंडिया’चे ढोल वाजले. पण हे इंटरनेट चाळीस-चाळीस मीटर उंचीवर नेऊन बांधतो कोण, हा प्रश्न ना मनुवादी प्रसारमाध्यमांना पडला, ना राज्यकर्त्यांना! आम्ही तो विचारतो आहोत. कारण या प्रश्नाचे उत्तर आमच्याच वस्त्यांमध्ये राहते. दहावी-बारावी झालेली, आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केलेली आमची पोरे कमरेला बेल्ट बांधून तो लोखंडी सांगाडा चढत आहेत. या धंद्यात त्यांना ‘रिगर’ म्हणतात.

हे काम नेमके काय आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. पूर्वी रेडिओची यंत्रणा टॉवरच्या पायथ्याशी केबिनमध्ये असे आणि तिथून जाडजूड केबल अँटेनापर्यंत जाई. त्या लांबच्या वाटेत बरीच शक्ती वाया जाई. आता रेडिओचा पेटाराच वर, अँटेनाच्या शेजारी नेऊन ठेवतात. त्या पेटाऱ्याला दोन गोष्टी लागतात. एक वीज आणि दुसरी फायबर. वीज जाते ती 48 व्होल्टची, डीसी. ऐकणाऱ्याला वाटेल, घरात 230 व्होल्ट असतात, मग 48 म्हणजे किरकोळ. तसे नाही. व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच कामाला करंट जास्त. करंट जास्त म्हणून तांबे जाड, आणि तांबे जाड म्हणून केबल जड. तार बारीक वापरली तर खालून निघालेले 48 व्होल्ट वर पोहोचेपर्यंत घसरतात आणि रेडिओ बंद पडतो. ठेकेदाराने तारेत पैसे वाचवले, तरी बोलणी खातो तो वर चढलेला पोरगा.

फायबरची तऱ्हा आणखी वेगळी. ती काच आहे, केसाएवढी बारीक. जास्त वाकवली तर आतला प्रकाश गळतो आणि हिसका बसला तर ती तुटते. केबल दोरीने वर ओढताना तिचे सगळे वजन त्या काचेवर येऊ नये म्हणून केबलवर जाळीची पकड बसवतात, पायात मोजा चढवावा तशी. दोरी त्या पकडीला बांधायची, केबलच्या टोकाला नाही. वर गेल्यावर ती पकड सांगाड्याला अडकवायची आणि मग थोड्या थोड्या अंतरावर क्लॅम्प मारत खाली यायचे. क्लॅम्प ढिला राहिला तर वाऱ्यात केबल लोखंडावर घासते, आणि जास्त आवळला तर आतली काच चेपते. काचेतून वीज वाहत नाही हे खरे, पण शेजारच्या तांब्यातून वाहते आणि टॉवरवर वीज पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून केबलच्या धातूच्या आवरणाला वर, खाली आणि केबिनच्या तोंडाशी अर्थिंग द्यावे लागते. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा लागतो. म्हणजे पावसाचे पाणी तिथेच टपकते, आत जात नाही.

हे सगळे ज्याच्या हातात आहे, त्याला हजेरीपत्रकावर काय म्हणतात? हेल्पर! तेही हजेरीपत्रक असले तर.

बाबासाहेबांनी 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी मुंबईत नेमका हाच घाव उघडा केला होता. गिरणीतले विणकाम खाते जास्त पगाराचे, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो! यंत्र विलायती, वाफ विलायती, पण कामाची वाटणी मनूची. आज टॉवरवर विटाळ कुणी बोलून दाखवत नाही. पण उंची, ऊन आणि मृत्यू यांचा वाटा कुणाला, आणि वातानुकूलित खोलीतल्या पडद्याचा वाटा कुणाला, हे एकदा मोजून पाहावे. आमची तर मागणीच आहे की ते मोजले जावे.

विजेचेही तसेच. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीज धोरण समितीसमोर त्यांनी जे मांडले, त्याचा आशय असा की भारताला वीज स्वस्त हवी आणि भरपूर हवी, कारण तिच्यावाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून या देशातल्या माणसाची दारिद्र्यातून सुटका नाही. ती वीज सोलापुरात आली आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उर्वरित देशाच्या ग्रीडशी जोडली गेली. शहराजवळ एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. वीज आली, पण तिच्या तारा खांद्यावर वाहणाऱ्याची सुटका झाली का?

कायदा काय म्हणतो? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात वायरलेस, टेलिफोन आणि टॉवर ही कामे बांधकामात धरलेली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेच्या व्याख्येत तर ‘इंटरनेट टॉवर’ हे शब्दच घातले आहेत. वाचून बरे वाटते. पण त्याच व्याख्येत पुढे मेख आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेले काम त्यातून वगळले आहे! आता टॉवरवर चढणारी टीम किती जणांची? चार, फार तर पाच. कंपनी ठेकेदाराला काम देते, ठेकेदार पोटठेकेदाराला, आणि तो आपल्या गाडीत मावतील तेवढी पोरे घेऊन निघतो. कंत्राटी कामगारांसाठीच्या तरतुदी लागू व्हायला तर पन्नास माणसे लागतात. म्हणजे इंटरनेट टॉवर कायद्यात आला, टॉवरवरचा माणूस मात्र बाहेर राहिला. ही चूक आहे की चलाखी, हे वाचकांनीच ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच की मोजणी एका टॉवरवरच्या टीमची होता कामा नये. ज्या कंपनीचे काम जिल्हाभर चालू आहे, तिच्या सगळ्या टीम एकत्र मोजा.

टॉवरजवळच्या रहिवाशांना किरणोत्सर्गाची भीती वाटते, निवेदने दिली जातात. त्यांना तो हक्क आहे. पण अँटेनाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर जो लोंबकळतो, तो चढण्याआधी यंत्रणा बंद केली होती का, हे त्या निवेदनांत कुठे असते? सोलापूरच्या मे महिन्यात पारा 43 अंशांवर जातो, तेव्हा त्या लोखंडाला हात कसा लावत असतील? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे चित्रण आम्ही मोठ्या अभिमानाने मोबाईलवरून जगभर पाठवतो. ते त्याच काचेच्या तारेतून जाते.

पट्टा दुहेरी दोरीचा हवा. एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकलेला असला पाहिजे. वारा, पाऊस, विजांचा कडकडाट असेल तर चढायचे नाही, ठेकेदाराने कितीही फोन केले तरी नाही. पट्ट्याला लटकून राहिलेला माणूसही वाचलेला नसतो. पाय लोंबकळत राहिले की रक्त खालीच साचते आणि थोड्याच वेळात शुद्ध जाते. म्हणून त्याला उतरवू शकेल असा शिकलेला दुसरा माणूस जागेवर हवाच. एकट्याला वर पाठवणे हा गुन्हा मानला पाहिजे.

आणि अपघात झालाच, तर ठेकेदार चार लोकांसमक्ष जी रक्कम हातावर ठेवतो, ती घेऊन कोऱ्या कागदावर सही करू नका. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापासून एक तरतूद चालत आली आहे आणि ती सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ठेकेदाराचा कामगार कंपनीच्या धंद्याचे काम करताना दगावला किंवा जायबंदी झाला, तर भरपाई थेट मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला प्रश्न. त्यासाठी कामावर होतो हे सिद्ध करावे लागते. म्हणून कामाचा मेसेज, साइटचा नंबर, चढण्याआधीचा फोटो, बँकेत किंवा फोनवर आलेली मजुरी, यातले काहीही पुसू नका. घरी कुणाजवळ तरी त्याची प्रत ठेवा.