काशीच्या पायऱ्या आणि पाच किलो धान्य

वाराणसीच्या केदार घाटावर गेल्या हिवाळ्यात एका वृद्ध विधवेला मी पायऱ्या चढताना पाहिले. दोन पायऱ्या चढून त्या थांबत, भिंतीला हात टेकत आणि पुन्हा पाऊल उचलत. मी हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "बेटा, गुडघे दुखत नाहीत. अंगात बळच उरले नाही." सकाळपासून पोटात काय गेले, असे विचारले. उत्तर होते : चहा आणि रात्रीची उरलेली एक रोटी.

याला आपण 'वयोमान' म्हणतो आणि पुढे जातो. वैद्यकशास्त्र त्याला जराजन्य दुर्बलता म्हणते. चालण्याचा वेग, आधाराविना खुर्चीतून उठणे आणि तोल सांभाळणे या साध्या चाचण्यांनी ती मोजता येते. जे मोजता येते, त्याची जबाबदारी धोरणाला टाळता येत नाही.

हिशेब करू. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला महिन्याला 5 किलो धान्य मिळते. 2023 पासून ते मोफत आहे. दिवसाला हे सुमारे 165 ग्रॅम होते आणि त्यातून साधारण 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. वृद्धांना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे किमान 1 ग्रॅम प्रथिने हवीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे 45 किलो वजनाच्या स्त्रीची जेमतेम एकतृतीयांश गरज भागते. उरलेली डाळ-दुधातून भागवायची. उत्तर प्रदेशात 2021च्या अखेरीस वृद्धापकाळ निवृत्तिवेतन महिन्याला 1,000 रुपये झाले, म्हणजे दिवसाला 33 रुपये. त्यातच औषधे आणि खोलीचे भाडे. 60 ते 79 वयोगटासाठी केंद्राचा वाटा तर दीड दशकाहून अधिक काळ 200 रुपयांवरच थांबला आहे.

पूरक आहाराने फरक पडतो का? दक्षिण कोरियातील गरीब, दुर्बल वृद्धांवरील एक चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. 87 जणांपैकी एका गटाला 12 आठवडे रोज 400 कॅलरी व सुमारे 25 ग्रॅम प्रथिने देणारे पेय दिले गेले. त्यांचा चालण्याचा वेग जवळपास टिकून राहिला. पूरक आहार न मिळालेल्यांचा 11 टक्क्यांनी घटला. हा चमत्कार नव्हे, घसरण रोखणे आहे. पण घाट चढणाऱ्यासाठी तेवढेही पुष्कळ. दुसरी बाजूही सांगायला हवी. बॉस्टनमधील शुश्रूषागृहातील 100 अतिवृद्धांवरील 1994च्या प्रसिद्ध अभ्यासात स्नायूंचे बळ वाढले ते व्यायामाने. नुसत्या पूरक आहाराने नाही. म्हणून डबे वाटून कर्तव्य संपत नाही.

महागडी पावडरही लागत नाही. भाजलेल्या चण्यांचा सत्तू हे पूर्वांचलचे रोजचे अन्न आहे. 100 ग्रॅम सत्तूत साधारण 400 कॅलरी आणि 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. जोडीला पेलाभर दूध दिले, तर कोरियातील त्या पेयाशी बरोबरी होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावा.

व्यवस्थाही नव्याने उभारावी लागणार नाही. बनारस हिंदू विद्यापीठात राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमाचे प्रादेशिक केंद्र आहे. तेथील मार्गदर्शनाखाली आशा कार्यकर्त्यांनी वस्तीत चालण्याचा वेग मोजावा, दुर्बलांना सत्तू-दूध द्यावे, खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव करून घ्यावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. तमिळनाडूने 1983 मध्येच शाळेतील माध्यान्ह भोजन वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना खुले केले. अन्नसुरक्षा कायदा बालकांना आणि गर्भवतींना आहाराचा हक्क देतो. एकाकी वृद्धाला तो फक्त धान्य देतो. ते शिजवायचे कोणी, हा प्रश्नही तो विचारत नाही.

काशीत अन्नपूर्णेचे मंदिर आहे आणि अन्नछत्रांची परंपरा जुनी आहे. पण दात्याच्या मर्जीवर रोजचे बळ टिकत नाही. त्या आजी अखेर वर पोहोचल्या. मी मोजले : बत्तीस पायऱ्या, अकरा थांबे. पुढच्या हिवाळ्यात ते थांबे वाढले, तर दोष केवळ वयाचा नसेल.